आपल्या कंपनीची इभ्रत

बातमी तशी लहानच होती. आतल्या पानावर, कोपऱ्यात, गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीला खेटून. मोटारी बनवणाऱ्या एका जुन्या, नावाजलेल्या कंपनीची बाजारातली जागा घसरत चालली आहे, नव्या कंपन्या तिला मागे टाकत आहेत, आणि तिने लवकर हातपाय हलवले नाहीत तर अवघड आहे, एवढाच मजकूर. ज्यांना गाडी घ्यायची नव्हती त्यांनी तो वाचला नसेल आणि ज्यांना घ्यायची होती त्यांना तो आधीच माहीत असेल. भाऊंनी मात्र तो वाचला आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"काय झालं? साखर राहिली का?" वहिनींनी विचारलं. वहिनी म्हणजे भाऊंची बायको. सगळं जग तिला वहिनी म्हणतं, म्हणून आपणही म्हणू.

"आपल्या कंपनीबद्दल छापून आलंय," भाऊ म्हणाले. "नाही नाही ते."

इथे एक खुलासा केलेला बरा. भाऊंचा त्या कंपनीशी काडीचाही संबंध नव्हता. त्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली. मोटारीच्या कारखान्याचं फाटकसुद्धा त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि भाऊ नावाचा कुणी माणूस जगात आहे याची कंपनीलाही कल्पना नव्हती. पण भाऊंच्या वडिलांची गाडी त्या कंपनीची, भाऊंनी पहिली घेतली ती त्याच कंपनीची आणि ती थकली तेव्हा दुसरी घेतली तीही त्याच कंपनीची. तेव्हा 'आपली कंपनी' म्हणायला एवढा पुरावा पुरेसा आहे, असं त्यांना वाटायचं. सासुरवाडीला आपली म्हणायला माणसाजवळ याहून जास्त पुरावा कुठे असतो?

खरं सांगायचं तर दुखणं कंपनीचं नव्हतंच. एके काळी नात्यात, शेजारात, ऑफिसात कुणालाही गाडी घ्यायची झाली की तो आधी भाऊंकडे यायचा. भाऊ त्याला खुर्चीवर बसवायचे. घरात माणसं किती, जायचा रस्ता कसा, कमरेचं काही दुखणं आहे का, असं डॉक्टरच्या थाटात सगळं विचारून घ्यायचे. मग डोळे मिटून थोडा वेळ विचार करायचे आणि आपल्या कंपनीची गाडी घ्या म्हणून सांगायचे. उत्तर दरवेळी तेच असायचं. येणाऱ्यालाही ते ठाऊक असायचं, तरी तो यायचा. भाऊंना विचारल्याशिवाय गाडी घेणं बरं दिसत नाही, असं लोकांना वाटायचं, आणि भाऊंचं सगळं सुख त्या वाटण्यात होतं.

मग हळूहळू लोक यायचे थांबले. वरच्या मजल्यावरच्या हिशेबनिसाने दुसऱ्याच कंपनीची गाडी आणली आणि त्या निमित्ताने तो भाऊंशी एकच वाक्य बोलला, "तुमची जरा मागे घेता का?" पण खरा घाव घातला तो मेव्हण्याने. त्याने नव्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून काढलेला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "कशी आहे?" भाऊंनी दिवसभर उत्तर दिलं नाही. घेऊन झाल्यावर कशी आहे म्हणून विचारणं म्हणजे विचारणं नव्हेच, असं त्यांचं म्हणणं होतं. वहिनींनी आपल्या भावाला परस्पर 'छान आहे' म्हणून कळवून टाकलं, त्यावरून दोन दिवस घरात जेवढ्यास तेवढं बोलणं चाललं.

अशा पडत्या काळात लेकीचा फोन आला. लेक बँकेत होती, नवऱ्याबरोबर दुसऱ्या गावी राहायची. तिची बदली गावाबाहेरच्या शाखेत झाली होती. तिथे बस जात नव्हती, आणि पुढच्या महिन्यात हजर व्हायचं होतं.

"बाबा, मला गाडी घ्यायचीय," ती म्हणाली. "शनिवारी येते. तुमच्या कंपनीची आधी बघू या का?"

भाऊंनी फोन ठेवला, आरशासमोर जाऊन उगाच केस विंचरले आणि त्याच दुपारी शोरूम बघून यायचं ठरवलं. मुलीला एकदम नेण्यापूर्वी आपण डोळ्यांखालून घालावं, एवढाच हेतू.

शोरूम बघून भाऊ खट्टू झाले. काचेचं दार पूर्वी माणूस समोर आला की आपोआप उघडायचं. आता त्यावर 'ढकला' असा कागद चिकटवला होता. भाऊंनी ढकललं. आत अंधार. चार चकचकीत गाड्या मुक्याने उभ्या होत्या, कोपऱ्यातल्या कुंडीत एक झाड वाळून काठी झालं होतं, आणि टेबलामागे बसलेला सेल्समन मोठ्या तन्मयतेने स्वतःच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधत होता. भाऊंना बघून तो दचकलाच. त्याने धावत जाऊन दिवे लावले.

"गिऱ्हाईक आलं की लावतो," तो म्हणाला. "विजेचं बिल फार येतं."

"शनिवारी मुलीला घेऊन येणार आहे," भाऊ म्हणाले. "गर्दी कधी नसते?"

"शनिवारी याच," सेल्समन मनापासून म्हणाला. "शनिवारी कुणीसुद्धा नसतं. तसं रविवारीही नसतं. पण शनिवारी अगदी निवांत."

भाऊ बाहेर आले तर रस्त्यापलीकडे नव्या कंपनीचं शोरूम. दारं आपोआप उघडत होती, मिटत होती. आत माणसं, दिव्यांचा लखलखाट, कॉफीचं यंत्र, बाहेर गाड्या लावायला जागा नाही. आपल्या घरी पाहुणे यायची वेळ व्हावी, केर तसाच पडलेला असावा आणि शेजारच्या घरात मात्र नवे पडदे लागलेले असावेत, तसं भाऊंना झालं. हे सगळं लेकीने बघितलं की ती काय म्हणेल? काहीच म्हणणार नाही. समजूतदार आहे. मुकाट्याने रस्ता ओलांडेल. आणि मग या जगात भाऊंना गाडीबद्दल विचारणारं शेवटचं माणूसही गेलं.

"शोरूमला गर्दी नाही म्हणून तुम्हाला का लाज वाटतेय?" वहिनी म्हणाल्या. "मुलीला गाडी घ्यायचीय की कंपनीला मुलगी द्यायचीय?"

हा प्रश्न भाऊंना उथळ वाटला. मात्र गर्दी हा शब्द त्यांच्या डोक्यात जो बसला तो बसलाच.

भाऊ रोज सकाळी बागेत फिरायला जात. फिरायला म्हणजे एक फेरी मारायची आणि मग बाकावर बसून जगाची झाडाझडती घ्यायची. त्या बाकावरचे त्यांचे सोबती तिघे. एक जज्जसाहेब. हे गृहस्थ कोर्टाच्या रेकॉर्डखोलीत कारकून होते, पण कोणत्याही विषयावर निकाल दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून जज्जसाहेब. दुसरे लाऊडस्पीकर. ते शाळेत कवायत शिकवायचे आणि मैदान सुटलं तरी त्यांचा आवाज सुटला नव्हता. त्यांनी कानात काही सांगितलं तर ते बागेच्या माळ्यालाही कळे. तिसरे दंतवैद्य. हे खरोखरीचे दंतवैद्य होते. स्वभावाने अबोल, कारण आयुष्यभर त्यांना बोलायला मिळालं ते अशा माणसांशी, ज्यांना तोंड उघडं ठेवून उत्तर देता येत नसे. लेक लग्न होऊन गेल्यानंतर भाऊ बागेत जायला लागले होते, त्यामुळे या तिघांना ती ओळखत नव्हती.

भाऊंनी बेत सांगितला. शनिवारी तिघांनी वेगवेगळे यायचं, गाड्या बघायच्या, चार प्रश्न विचारायचे, बस्स. शोरूम जरा नांदतं दिसलं पाहिजे.

"ही फसवणूक ठरू शकते," जज्जसाहेब म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "पण हेतू कौटुंबिक आहे. परवानगी आहे."

"मी एकदम चिडलेलं गिऱ्हाईक होतो!" लाऊडस्पीकर म्हणाले आणि दोन कबुतरं उडाली. "आधी चिडतो, मग गाडीत बसतो, मग माझं मत बदलतं!"

"मत बदलायची काही गरज नाही. नुसते या."

"मी काय बोलू?" दंतवैद्यांनी विचारलं.

"तुम्ही काहीच बोलू नका. दार उघडा, बसा, उतरा."

"पण गाडी चांगली आहे का?"

हा प्रश्न भाऊंना कितीतरी दिवसांत कुणी विचारला नव्हता. ते दंतवैद्यांकडे वळून बसले आणि बोलू लागले. पत्रा कसा जाड, चढावर कशी दमत नाही, पहिली गाडी पुराच्या पाण्यातून कशी बाहेर आली, वडील आपल्या गाडीला रोज नमस्कार करून कसे बाहेर पडायचे. दंतवैद्य एकटक बघत ऐकत होते. बाकीच्या दोघांना हे पाठ असल्याने ते पाय मोकळे करायला उठले.

"आणि एक लक्षात ठेवा," शेवटी भाऊंनी बजावलं, "काय वाटेल ते झालं तरी मला ओळख दाखवायची नाही. मेलात तरी नाही."

तिघांनी माना डोलावल्या. अडचण एकच होती. हा सगळा गुप्त बेत लाऊडस्पीकरांच्या हजेरीत ठरला होता, आणि बाकामागच्या हिरवळीवर हास्यमंडळाचा वर्ग चालू होता.

शनिवारी भाऊ लेकीला घेऊन निघाले. लेक येताना जरा थकलेली दिसत होती, पण गाडीत बसल्यावर म्हणाली, "बाबा, सीटला अजून तोच वास येतो," आणि भाऊंना वाटलं, अर्धं काम झालं. शोरूमच्या गल्लीत वळल्यावर मात्र त्यांना गाडी लावायला जागा मिळेना. पुढे दोन वेळा जाऊन, वळून, शेवटी त्यांनी ती एका बंद गिरणीच्या भिंतीला लावली.

दाराशी गर्दी होती. आत तर काय विचारता. अख्खं हास्यमंडळ आलं होतं. बायका-पुरुष ठेवणीतले कपडे घालून एकेका गाडीत चौघं, पाच-पाच बसले होते. लाल गाडीतले एक आजोबा मागच्या सीटवर स्वस्थ झोपले होते आणि त्यांची मंडळी त्यांना उठवू नका म्हणून सेल्समनला दटावत होती. एक बाई हॉर्न वाजवून आवाज कसा वाटतो ते मैत्रिणीला विचारत होती, आणि मैत्रीण लांब जाऊन पुन्हा वाजव म्हणत होती. सगळे दिवे लागले होते. सेल्समनने टाय लावला होता, चष्म्याच्या दोऱ्याचं टोक कानामागे लोंबत होतं, आणि तो या गाडीकडून त्या गाडीकडे असा धावत होता की बघणाऱ्याला दम लागावा. वरच्या मजल्यावरून मॅनेजर खाली उतरला होता. त्याला खाली उतरलेलं सेल्समननेही पुष्कळ दिवसांत बघितलं नव्हतं.

लाऊडस्पीकर मधोमध उभे राहून चिडत होते. जज्जसाहेब दिसत नव्हते. ते टेस्ट ड्राइव्हला म्हणून जे गेले होते ते बायकोचं दुरुस्तीला टाकलेलं शिलाई यंत्र घेऊनच परतले. डिकी किती मोठी आहे हे प्रत्यक्ष पुराव्याने बघितलं, असं ते म्हणाले. दंतवैद्य एका पांढऱ्या गाडीत एकटेच, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते.

"बाबा, ही काय गर्दी!" लेक म्हणाली.

"कंपनीचं नाव आहे शेवटी," भाऊ छाती फुगवून म्हणाले. "वर्तमानपत्रवाल्यांना काय, काहीही छापतात."

त्यांनी मोठ्या अपेक्षेने लेकीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता.

"मी पण वाचली होती ती बातमी," ती म्हणाली. "म्हणून तर आले. म्हटलं, आता यांच्याकडे गिऱ्हाईक नसेल, गाडी लगेच मिळेल, थोडी सूटही देतील. मला पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय ना. समोरच्यांच्या गाडीला थांबावं लागतं म्हणतात. इथे रिकामं असेल या भरवशावर आले मी."

तेवढ्यात सेल्समन आला. परवाचा तो गरीब माणूस कुठल्या कुठे गेला होता. टायने त्याच्यात वेगळाच जोर भरला होता.

"मॅडम, गाडी आता लगेच नाही मिळणार," तो म्हणाला. "आज सकाळपासून मागणी एकदम वाढलीय. नाव नोंदवून ठेवा, बघू."

"आणि सूट होती ना काहीतरी?"

"होती, कालपर्यंत. आता साहेबांनी वर फोन केला, त्यांनी बंद करायला सांगितली."

भाऊंनी त्याचा दंड धरला आणि त्याला वाळलेल्या कुंडीआड नेलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते आपल्या कंपनीची इभ्रत स्वतःच्या हाताने उतरवणार होते, आणि तीही कंपनीचीच एक गाडी खपावी म्हणून.

"हे बघा," ते हळू आवाजात म्हणाले, "ही गर्दी खरी नाही. हे लोक गाडी घ्यायला आलेले नाहीत. मीच बोलावलंय त्यांना. खरं गिऱ्हाईक या खोलीत एकच आहे, ती माझी मुलगी."

सेल्समन हसला. घासाघीस करणाऱ्यांनी आजवर त्याला बरंच काही सांगितलं होतं, पण हे नवीन होतं.

"छान आहे, साहेब," तो म्हणाला. "पण सूट बंद म्हणजे बंद."

"विश्वास नाही ना? थांबा." भाऊंनी लाऊडस्पीकरांना हाक मारली. "अहो, इकडे या. यांना सांगा बरं, आपण रोज सकाळी बागेत एका बाकावर बसतो की नाही?"

लाऊडस्पीकरांनी भाऊंना आपादमस्तक न्याहाळलं. दिलेला शब्द पाळायची हीच ती घडी, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"माफ करा भाऊ," ते शोरूमभर घुमणाऱ्या आवाजात म्हणाले, "मी तुम्हाला अजिबात ओळखत नाही!"

सगळे वळून बघू लागले. भाऊ जज्जसाहेबांकडे वळले. जज्जसाहेब शिलाई यंत्रावर हात ठेवून उभे होते.

"अहो, आता पुरे. खरं काय ते सांगा यांना."

जज्जसाहेबांनी डोळे बारीक केले. प्रसंग अवघड आहे आणि आपला मित्र आपली परीक्षा बघतोय, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला.

"हे गृहस्थ कोण ते मला ठाऊक नाही," त्यांनी निकाल दिला. "पण एकंदरीत बघता, रांग मोडून पुढे घुसायचा यांचा विचार दिसतो."

"रांगेत या, रांगेत!" हॉर्नवाली बाई ओरडली. हास्यमंडळातल्या इतरांनीही साथ दिली. मॅनेजर पुढे आला आणि अतिशय सभ्यपणे भाऊंना म्हणाला, "काका, सगळ्यांनाच घाई आहे. जरा बाजूला उभे राहता का?"

ज्या कंपनीसाठी भाऊ सगळ्या नात्यागोत्याशी भांडले, मेव्हण्यावर रुसले, तिच्याच माणसाने त्यांना बाजूला उभं राहायला सांगितलं. भाऊंचे कान तापले. डोळ्यांत पाणी येतंय की काय अशी त्यांना भीती वाटली आणि ते उगाच कुंडीतल्या काठीकडे बघत राहिले. तेवढ्यात लेकीने त्यांचा हात धरला.

"चला बाबा," ती म्हणाली.

दोघं बाहेर येऊन रस्ता ओलांडायला उभे राहिले. गाड्या सारख्या जात होत्या. बहुतेक समोरच्या कंपनीच्या होत्या, आणि आज भाऊंना त्या दिसत होत्या.

"किती जणांना बोलावलं होतं?" लेकीने रस्त्याकडे बघतच विचारलं.

"कुणाला?" भाऊ म्हणाले.

"अनोळखी माणूस तुम्हाला भाऊ म्हणेल का, बाबा? मॅनेजर तर काका म्हणाला."

"तिघांनाच बोलावलं होतं," भाऊ म्हणाले. "बाकीचे आपणहून आले."

लेक हसली नाही, हे तिचे उपकार. "पण का?" तिने विचारलं.

"आता मला कुणी विचारत नाही, बाळ," भाऊ म्हणाले. बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं. "पूर्वी सगळे विचारायचे. तू विचारलंस. म्हटलं, तिथला अंधार बघून तूही समोर जाशील, आणि मग मी कशाचाच जाणकार राहणार नाही."

"मी गाडीसाठी आले तशी विचारायलाही आलेच होते की," लेक म्हणाली. "फोनवर माहिती कुणीही देतं. तुमच्यासोबत बघायची होती मला."

मग वाट मोकळी झाली आणि ते पलीकडे गेले. काचेचं दार आपोआप उघडलं. भाऊंनी सवयीने ढकलायला हात पुढे केला होता, तो हवेतच राहिला. आत फारशी गर्दी नव्हती. दारासमोरून जाणारी पुष्कळशी माणसं समोरच्या दुकानात एवढं काय चाललंय ते बघायला तिकडेच वळली होती. सेल्समन मुलगी हसून सामोरी आली. अगदी कालच एकाने नोंदवलेली गाडी रद्द केली होती, ती तयार होती, हवी तर आठवड्याभरात मिळेल, असं तिने सांगितलं. लेकीने गाडीला एक चक्कर मारली आणि ती बाजूला झाली.

"आता तुम्ही बघा," ती भाऊंना म्हणाली. "तुम्ही सांगाल तसं. नको म्हणालात तर घेणार नाही. पण कंपनीचं मनात आणू नका. रोज त्या रस्त्याने मी जाणार आहे, एवढंच बघा."

भाऊ आत बसले. सीट मागेपुढे केली, मान वळवून मागची काच बघितली, ब्रेकवर पाय ठेवून बघितला. खाली उतरून चाकांपाशी वाकले. त्यांनी त्या मुलीला मनापासून प्रश्न विचारले, आणि दरवेळी तिच्या उत्तरात काहीतरी खोट सापडावी अशी देवाची प्रार्थना केली. खोट सापडेना. पावसाळ्यात चढावर काय होतं, रात्रीबेरात्री एकटी बाई रस्त्यात अडकली तर कुणाला फोन करायचा, दुरुस्तीचं गॅरेज त्या शाखेच्या गावात आहे का? होतं. आपल्या कंपनीचं तिथे होतं ते बंद पडलं, हेही त्या मुलीने अगदी सहज, काही वाईट हेतू न ठेवता सांगितलं.

भाऊंनी डोळे मिटले. पूर्वी ते डोळे मिटून नुसता विचार केल्यासारखं करायचे, कारण उत्तर तयार असायचं. या वेळी त्यांना खराच विचार करावा लागला आणि तो त्यांना फार जड गेला.

"ही घे," ते म्हणाले.

लेकीने कागदांवर सह्या केल्या. भाऊंनी खुर्चीत बसून कॉफी घेतली. कॉफी चांगली होती, याचाही त्यांना राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जरा उशिरानेच बागेत गेले. जज्जसाहेब आणि लाऊडस्पीकर बाकावर वाटच बघत होते.

"बधलो का शेवटपर्यंत?" लाऊडस्पीकर म्हणाले. "तुम्ही किती गळ घातलीत, पण मी ओळख दाखवली नाही!"

"साक्षीदार असा असावा," जज्जसाहेब म्हणाले. "तुमचं ते रांग मोडणं मात्र जरा जास्तच झालं. पण प्रसंग खुलला."

भाऊंनी दोघांकडे पाहिलं. दोघांनीही आपला शब्द पाळला होता, आणि असे मित्र कुठे मिळतात, हेही खरंच होतं. ते नुसते हं म्हणून बाकावर टेकले.

इतक्यात दंतवैद्य आले. रोजच्यासारखे हळूहळू नाही, तरातरा चालत, हातात बिस्किटांचा भला मोठा डबा घेऊन. एवढं गोड वाटताना त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या धंद्याच्या दृष्टीनेही ते चमत्कारिकच दिसत होतं.

"घेतली!" ते म्हणाले.

"काय घेतली?"

"गाडी. आपल्या कंपनीची. तुम्ही गेल्यावर मी तसाच आत बसून होतो. मग उतरलो आणि पैसे भरले. सूट मिळाली नाही, थांबावंही लागणार आहे, पण म्हटलं असू दे. बायको समोरच्यांची घ्या म्हणत होती, पोरगाही म्हणत होता. मी सांगितलं, भाऊ काय म्हणाले ते मी ऐकलंय. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं मी." अबोल माणूस एकदा बोलायला लागला की थांबत नाही. त्यांनी भाऊंचा हात हातात घेतला. "तुम्ही त्या पुराच्या पाण्याचं सांगितलंत ना, तेव्हाच माझं ठरलं होतं."

एकाच दिवसात दोन माणसांनी त्यांचं ऐकून गाडी घेतली होती. इतका मान त्यांना चांगल्या दिवसांतही मिळाला नव्हता. सांगून टाकावं, असं एकदा मनात आलं. पण दंतवैद्य इतक्या विश्वासाने बघत होते, आणि एवढ्या दिवसांनी असं कुणी आपल्याकडे बघतंय हे सुख भाऊंना लगेच सोडवेना.

"आणि लेकीने?" दंतवैद्यांनी विचारलं. "लेकीने कोणत्या रंगाची घेतली?"

तिघांनीही भाऊंकडे पाहिलं.

"पांढरी," भाऊ म्हणाले. हे अगदी खरं होतं.

"मीही पांढरीच!" दंतवैद्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आपल्या दोन्ही घरच्या गाड्या सारख्याच दिसणार."

"हो," भाऊ म्हणाले. "लांबून बघितल्या तर."